पक्कं काम

गवंड्यानं छिन्नी सांध्यावर तिरकी धरली आणि हातोडा मारला. वीट फुटली. सांधा जिथल्या तिथे राहिला. खालच्या विटेला त्यानं हलक्या हातानं, टिचक्या मारल्यासारखे ठोके दिले. तिचा आधी कोपरा उडाला, मग मधोमध चीर गेली आणि दोन तुकडे त्याच्या हातात आले. सिमेंटची पट्टी भिंतीला तशीच चिकटून होती.

"हळू मार," खालून अक्का म्हणाली. "घाई नाही."

घाई होती, म्हणूनच ती तसं म्हणाली. या घराच्या मागच्या दारातून पूर्वी मक्याचं शेत दिसायचं, शेताच्या टोकाला झाडांची रांग आणि तिच्याही पलीकडे कुठेतरी नदी. आता दार उघडलं की थेट पाणीच दिसत होतं. दर पावसाळ्यात नदी काठ खात आली होती आणि या वर्षी पूर ओसरल्यावरही तिचं खाणं थांबलं नव्हतं. झाडं गेली, विहीर गेली, शेत गेलं. मागच्या अंगणाला आता एक भेग पडली होती, हात आत जाईल एवढी.

काठावरचे सगळेच आपापली घरं उतरवत होते. आधी पत्रे, मग दारं-खिडक्या आणि शेवटी विटा. वरच्या माळावर प्रत्येकाला जागा मिळाली होती, पण जागा म्हणजे नुसती मोकळी जमीन. गावची वीटभट्टी सगळ्यांच्या आधी नदीत गेली होती आणि शहरातून नव्या विटा मागवणं अक्काच्या आवाक्यातलं नव्हतं. ज्याच्या घरातून अखंड विटा निघतील त्याच्या डोक्यावर पावसाआधी छप्पर येणार, बाकीच्यांनी ताडपत्रीखाली राहायचं.

गवंड्यानं जन्मभर या गावात घरं बांधली होती. या वर्षी त्यानं एकही बांधलं नाही, नुसती पाडली. लोक पूर्वीसारखेच बोलवायला येत, पूर्वीसारखाच चहा पाजत आणि म्हणत, "तुम्हीच बांधलंय मिस्त्री, कुठून सुटेल ते तुम्हालाच ठाऊक." तो मुकाट्यानं जाई. बहिणीचं, म्हणजे अक्काचं, घर मात्र तो पुढे ढकलत राहिला. आज याचं काम आहे, उद्या त्याचं आहे, अशा सबबी सांगत होता. खरी गोष्ट अशी की या घरावर त्याचा हात उचलत नव्हता.

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. अक्कानं त्याला कडेवर घेऊन वाढवलं, स्वतःचं लग्न त्याच्यापायी लांबवलं. पुढे तिनं घर बांधायला काढलं तेव्हा त्याला स्वतःच्या हातात थापी धरून फार दिवस झाले नव्हते, पण अंगात रग होती. गावात सगळ्यांच्या भिंती मातीत बांधलेल्या. तो म्हणाला, माझ्या बहिणीच्या घराला माती लागणार नाही. आपली मजुरी त्यानं सिमेंटात घातली. वाळू कमी, सिमेंट जास्त, असा माल त्यानं कालवला की म्हातारे मिस्त्री येऊन डोक्याला हात लावून गेले. आणि अक्का सकाळ-संध्याकाळ नदीवरून घागरी आणून भिंतींना पाणी मारायची. भिंत जेवढी पाणी पिईल तेवढी पक्की होते, असं त्यानंच तिला सांगितलं होतं. नदी तेव्हा लांब होती, वाटेत तिला दोनदा घागर खाली ठेवावी लागायची.

घर झाल्यावर चार लोकांत त्यानं पुढच्या कोपऱ्यावर थाप मारली होती. "जग बुडालं तरी हा कोपरा हलणार नाही."

आता त्याच कोपऱ्यापाशी तुकड्यांचा ढीग पडला होता आणि अखंड विटा शोधाव्या लागत होत्या.

रस्त्यावर बैलगाडी करकरत थांबली. शेजारचा चिंगूस, पुढच्या फळीवर पाय सोडून बसलेला. त्याचं खरं नाव गाव कधीच विसरलं होतं. घर बांधताना सिमेंटच्या एका पोत्यावरून त्यानं गवंड्याशी असं भांडण काढलं होतं की वर्षभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी त्याचं घर मातीतच उभं राहिलं. आता त्याच्या गाडीत काठोकाठ विटा भरल्या होत्या, एकीचाही टवका उडालेला नव्हता.

"मिस्त्री, शेवटची खेप," चिंगूस म्हणाला. "पोरीसुद्धा हातानं काढत होत्या. शेंगा सोलाव्यात तशा." मग त्याची नजर ढिगाकडे गेली आणि त्याचा आवाज उतरला. "तुमचं काम फारच पक्कं हो."

"पुढे चला," गवंडी म्हणाला.

"नाही, मी आपलं..."

"गाडी हाका."

गाडी गेली. अक्का खाली बसून तुकडे जुळवून बघत होती, फुटलेलं भांडं जुळवावं तसे. चांगले मोठे तिनं एका बाजूला रचले होते.

"अर्ध्या विटा नाही चालत?"

"मध्ये भर म्हणून चालतात. नुसत्या अर्ध्यांची भिंत एका पावसात बसेल."

"बरं," ती म्हणाली, पण रचणं काही तिनं थांबवलं नाही.

त्यानं पहार घेतली. सांधा सुटत नाही तर निदान भिंतीचा मोठा तुकडा पाडावा, मग खाली बसून एकेक वीट मोकळी करावी असं त्याच्या मनात होतं. तुकडा पडला. जमीन हादरली आणि मागच्या अंगणातली माती भेगेत ओघळल्याचा आवाज आला. पडलेला तुकडा मात्र एका दगडासारखा होता. घाव घातला की विटेचा भुगा होई, माल तसाच. घाव घालता घालता त्याच्या नाकी नऊ आले. त्याला आपल्याच हातांचा राग आला आणि तो राग त्यानं भिंतीवर काढला, मन मानेल तसे घाव घालत, तोंडानं शिव्या देत. अक्कानं त्याला थांबवलं नाही. लहानपणीही तो असा पिसाळला की ती बाजूला उभी राहून वाट बघायची.

तो दमून खाली बसला.

"मेहुणे," कोणीतरी म्हणालं.

दाजी बोलले होते. अक्काचा नवरा सकाळपासून पालथ्या घमेल्यावर नदीकडे तोंड करून बसला होता. शेत गेलं त्या दिवसापासून हा माणूस जेवायला बोलावलं तर जेवायचा, झोप म्हटलं तर झोपायचा, तोंडातून मात्र शब्द काढत नव्हता. त्याचा आवाज ऐकून अक्कानं चटकन वर पाहिलं.

"गोठा काढा," दाजी म्हणाले.

गवंड्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. गोठा! तो त्याच्या ध्यानातच नव्हता, कारण त्याला तो कधी बांधकाम समजलाच नव्हता. गाय घेतली तेव्हा दाजींनी त्याला कितीदा तरी बोलावलं. तो दुसरीकडे गुंतला होता. शेवटी दाजींनी शेतातलीच माती तुडवून, ओळंबा नाही की दोरी नाही, भिंती स्वतःच उभ्या केल्या. मधली भिंत पोट काढून उभी राहिली. त्यानंतर गवंडी जेव्हा जेव्हा या घरी आला, तेव्हा त्यानं चार माणसांसमोर विचारलंच होतं, "दाजी, भिंतीला कितवा महिना?" सगळे हसायचे. दाजीही हसायचे.

गाय विकून टाकली होती. गोठ्यात अजून तिचा वास होता. गवंड्यानं वरच्या थरावर छिन्नी टेकवली, पण हातोडा उचलावा लागला नाही. वीट हातात आली. कोरी, चारी कोपरे शाबूत, अंगाला नुसती सुकी माती. त्यानं ती तळहातानं पुसली. दुसरी आली. तिसरी आली. खालून अक्का झेलत होती. दाजी घमेलं सोडून उठले आणि तिच्या मागे उभे राहिले. तिनं दिलेली वीट ते बाहेर आणून ठेवलेल्या गाडीत मांडू लागले. गवंड्याला हायसं वाटत होतं आणि दर विटेगणिक मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. संध्याकाळपर्यंत पोट काढलेली भिंत सगळी उतरली. छप्पर बुटकं ठेवलं तर एका खोलीपुरत्या विटा झाल्या.

"दाजी," गाडीला दोरी बांधताना तो म्हणाला, "माझं चुकलं. मी तेव्हा..."

दाजींनी नुसता हात हलवला. ते पुन्हा नदीकडे बघत होते.

घर आठवड्याच्या आतच गेलं. भरदुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाकीची घरं गेली ती खचत, विरघळत. हे उभंच्या उभं सरकलं, थोडं कललं आणि तसंच पाण्यात जाऊन बसलं. पुढचा कोपरा पाण्याबाहेर राहिला, आकाशाकडे तोंड करून. लोक बघायला जमले. घर नवं होतं तेव्हाही असेच जमले होते.

चिंगूस गवंड्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत राहिला.

"एक सांधा उघडला नाही हो मिस्त्री," तो हळूच म्हणाला. टोमणा नव्हता. जन्मात पहिल्यांदाच तो कोणाच्या कामाला चांगलं म्हणत होता. गवंड्याला वाटलं, याला उचलून पाण्यात टाकावा. पण तो वळून घरी गेला. माळ्यावर सिमेंटचं एक पोतं शिल्लक होतं, बहुतेक गावातलं शेवटचंच. ते त्यानं खांद्यावर घेतलं आणि माळाची वाट धरली.

माळावर वारा होता. चिंगूसच्या भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या. पलीकडे अक्का खड्ड्यात उतरून माती तुडवत होती, कपडे गुडघ्यापर्यंत खोचून. दाजी बादलीनं पाणी घालत होते. विटांची रास बाजूला नीट लावलेली होती, आणि अर्ध्या तुकड्यांचीही, वेगळी. ते तुकडे तिनं कधी वर आणले ते त्याला कळलंच नव्हतं. त्यानं पोतं खाली ठेवलं.

"हे कशाला?" अक्कानं विचारलं.

"चारी कोपरे यात घेतो. मधलं मातीत. निदान कोपरे तरी..."

"नको."

"अगं, मातीला पाऊस धुऊन नेतो. दर वर्षी लिंपत बसावं लागेल."

"लिंपेन."

"आणि भिंत तरी किती टिकणार? दहा वर्षं, बारा वर्षं..."

अक्का तुडवायची थांबली. माळावरून नदी दिसत होती. लांब होती. शेतापलीकडे होती तेव्हाही ती लांबच होती. अक्कानं तिकडे पाहिलं नाही, तिला त्याची गरज नव्हती. तिनं पायाला चिकटलेली माती हातानं निपटून खड्ड्यात टाकली.

"तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही," ती म्हणाली. "तेवढं पोतं घरी ने. भिजेल इथे."

त्यानं दोरी ताणली, ओळंबा सोडला. कोपऱ्यात मातीचा गारा पसरून पहिली वीट ठेवली आणि थापीच्या मुठीनं ठोकली. सवयीनं बाहेर आलेला गारा निपटला, सवयीनंच एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं. तसूभरही चुकली नव्हती.

अक्का खड्ड्यातून वर आली. त्याच्या शेजारी उकिडवी बसली, मातीच्या हातानं तिनं वीट दोन्ही बाजूंनी धरली, जराशी हलवली आणि उचलली. वीट अलगद आली. तिनं ती उलटी करून पाहिली, कोपरे अंगठ्यानं चाचपले. दाजीही बादली खाली ठेवून बघत होते.

"निघते," ती त्यांना म्हणाली.

मग तिनं ती जागच्या जागी ठेवली आणि दुसरी वीट भावाच्या हातात दिली.