कवितेत घाम येत नाही

शाळेने कविवर्य बोलावले होते, मुलांना कवितेची गोडी लागावी म्हणून. गोडी म्हणजे साखर असा या माणसाचा समज होता. बाहेर रणरणतं ऊन आणि ह्याच्या गळ्यात मफलर.

पालकांना मागच्या बाकांवर बसायची मुभा होती. बारकीची आई, म्हणजे माझी ताई, बस चालवते. तिला कुठली सवड? म्हणून मावशीच्या नात्याने मी गेले आणि तोंड शिवून बसले.

कविवर्यांनी फळ्यावर शब्द लिहिले: फुलपाखरू, इंद्रधनुष्य, झरा, माया, चांदणं. "यातले निदान तीन तरी यायलाच हवेत," म्हणाले. "आता डोळे मिटा. आईला आठवा. कशासारखी वाटते आई?"

पोरं शहाणी असतात. ह्याला काय ऐकायचंय ते त्यांना मफलर बघूनच कळलं होतं. कुणाची आई झरा झाली, कुणाची चांदणं. एका पोराचा कान त्याच्या आईने सकाळी फाटकातच पिळला होता, माझ्यासमोर. तोही म्हणाला, "फुलपाखरासारखी." कान अजून लाल होता.

बारकी उठली आणि तिने आपलं वाचलं:

*आई बसमधून उतरली*
*तरी तिचा पाय ब्रेक शोधतो.*
*सदऱ्यावर घामाचं मीठ असतं.*
*जेवताना ओरडते, दार सोडा, आत सरका.*
*मी म्हटलं, गोष्ट सांग.*
*ती म्हणाली, गाडी डेपोत गेली.*

'आत सरका'ला वर्ग खो-खो हसला. शेवटच्या ओळीला कुणी हसलं नाही. पोरांना कळलं होतं. कळलं नाही ते फक्त एकाला, आणि तोच शिकवायला आला होता.

"बाळ," तो म्हणाला, "कवितेत घाम येत नाही. दवबिंदू येतात."

"दव बसच्या काचेवर येतं," बारकी म्हणाली. "आई ते फडक्याने पुसते."

"तर्क नको गं, भाव हवा!" आणि त्याने तिच्याच पेन्सिलीने तिचं सगळं खोडून वर लिहिलं:

*आई माझी मायेची सरिता,*
*तीच माझी पहिली कविता.*

पुढे आणखी सहा ओळी होत्या, तितक्याच गुळमट. 'सरिता' म्हणताना हात लाटांसारखा हलवायचा, 'कविता' म्हणताना छातीवर ठेवायचा, हेही शिकवलं. माकडवाल्याला लाज वाटेल असं.

ही कविता शाळेच्या स्नेहसंमेलनात स्टेजवर म्हणायची होती. बारकी मुख्याध्यापिका बाईंकडे गेली. "मी माझीच म्हणणार." बाई म्हणाल्या, "मग तुझं नाव कापावं लागेल." आता पोरीची पंचाईत झाली. संमेलनाला यायचं म्हणून ताईने ड्युटी बदलून घेतली होती. त्या बदल्यात पहाटेची फेरी तिच्या गळ्यात पडली होती. नाव कापलं तर आई येऊन भिंती बघणार. बारकीला आपली कविता आईच्या कानावर घालायची होती, बाकी जग गेलं खड्ड्यात. पण स्टेजवर उभं राहायचं तर तोंड त्या माणसाचं लावावं लागणार होतं.

तिने लावलं. हात हलवला, छातीवर ठेवला. टाळ्या पडल्या. कविवर्यांनी माईक ओढला आणि म्हणाले, "बघा, मुलांच्या मनात केवढा झरा असतो! फक्त वाट करून द्यावी लागते." वाट करून देणारा कोण, हे सांगायला नको म्हणून स्वतःच वाकून नमस्कार केला.

आणि माझी ताई, चौकात ट्रकवाल्यांना शिव्या घालणारी ताई, ओढणीने डोळे पुसत होती. मला त्या माणसाचा राग होताच, आता तिचाही आला.

घरी आल्यावर ताईने पाय गरम पाण्यात सोडले. "म्हण ना गं परत. सरिता."

"ती त्यांची आहे," बारकी म्हणाली. "माझी ही." आणि हात पाठीमागे बांधून तिने आपली म्हटली, सहाही ओळी.

ताईचा चेहरा उतरला. "हे तू सगळ्यांसमोर म्हणणार होतीस?"

"हो."

"बरं झालं त्या बाबाने अडवलं. शोभा झाली असती माझी. मी काय जेवताना ओरडते?"

"ओरडतेस," मी म्हटलं.

"तू गप्प बस. ब्रेकचं ठीक आहे. घामाचंही ठीक, घाम येतो. पण ती गोष्टीची ओळ काढ."

"नाही."

"एकदाच म्हणाले होते मी तसं. डोकं उठलं होतं माझं."

"मी पण एकदाच लिहिलंय."

"त्या मफलरवाल्याने सांगितलं तर अख्खी बदललीस, आणि आई सांगते तर एक ओळ नाही निघत?"

"त्याने दुसरीच दिली. ही अजून तशीच आहे."

इतकं भांडण त्या सरितेवर अख्ख्या हॉलमध्ये कुणी केलं नव्हतं. करणार काय, भांडायला तिथे होतंच काय!

ताईने पाण्यात पायाची बोटं हलवली. मग खाली बघतच म्हणाली, "परत म्हण. पण त्या ओळीपर्यंतच."

बारकीने सुरुवात केली. त्या ओळीपाशी आली, आईकडे सरळ बघितलं, आणि थांबली नाही.