थोरलं कार्ड

“ऐपत काढतो का रं माझी?” विजयसिंहांनी मदरबोर्डाचा खोका काउंटरवर आपटला, तशा कॉम्प्युटरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या माना वळल्या.

रामहरी आपल्या टेबलामागे स्क्रू-ड्रायव्हर धरून बसला होता. त्याने कुणाची ऐपत काढली नव्हती. थोरलं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका, मधलं घ्या, एवढंच तो म्हणाला होता. पण वरकुट्याच्या बागाईतदाराला, ज्याच्या दारात दोन ट्रॅक्टर उभे, त्याला भर बारामतीत चार लोकांदेखत ‘मधलं घ्या’ म्हणायचं, म्हणजे व्याह्याला शेवटच्या पंगतीला बसवण्यातला प्रकार झाला.

हे रामहरीला कळत नव्हतं असं नाही. तो कोऱ्हाळ्याचाच, माणसं ओळखून होता. पण तोंडात आलेलं गिळायची सवयच नव्हती त्याला. या जिभेपायी दोन दुकानं सुटली होती. तिसऱ्याचे, म्हणजे या दुकानाचे मालक दादासो यांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, “रामहरी, कारागीर तू एक नंबर हायस. पण आता एक जरी गिऱ्हाईक भांडून गेलं, तर तुझा स्क्रू-ड्रायव्हर उचलायचा अन् कोऱ्हाळ्याची यष्टी धरायची.” सत्तेचाळिसाव्या वर्षी चौथं दुकान कोण देणार होतं?

“तसं न्हवं, दादा,” रामहरी शक्य तितक्या मऊपणाने म्हणाला. “थोरलं कार्ड थोरली पावर खातं. तुमची वस्ती रानात. तितं व्होल्टेज घटकंत वर, घटकंत खाली. मधलं कार्ड घ्या अन् चांगला सप्लाय, चांगलं अर्थिंग करा. दहा वर्सं मशिन हलायचं न्हाय.”

“आमच्या लाईटीचं तू बघू नगंस.” विजयसिंहांनी दोन मदरबोर्ड दोन तळहातांवर घेऊन तोलले. “ह्यो जड हाय. ह्योच बांध.”

“बोर्ड वजनावर घेत न्हाईत, दादा. त्यो नुसता पत्र्यानं जड झालाय. कामाचा ह्यो हलका हाय.”

विजयसिंहांचा मुलगा राजवर्धन फिसकन हसला. हा पोरगा वीस वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी पुण्याचं कॉलेज अर्धवट टाकून घरी आला होता आणि तेव्हापासून बाप-लेकात बोलणं नव्हतं. दोघं काउंटरला खांद्याला खांदा लावून उभे होते, पण बोलत होते ते रामहरीमार्फत.

“काका, त्यांना सांगा, बोर्ड तुमी म्हणता तोच. पण कार्ड टॉपचंच लागणार. मला गेम स्ट्रीम करायचेत.”

“त्याला इचार, रामहरी, हा खेळणार अन् लोक निस्तं बघणार व्हय?”

“त्यांना सांगा, लाखो लोक बघतात.”

“त्याला म्हणावं, त्या लाखातला एक बी ऊस तोडायला येणार न्हाय.”

पोरगं फोन आला म्हणून बाहेर गेलं, तेवढ्यात विजयसिंह काउंटरवर वाकले. आवाज खाली आला, पण धार तशीच होती. “थोरलं म्हणतंय तर थोरलं दे. घरात टिकंल तरी कार्टं. न्हायतर परत पुण्याला पळतंय, अन् ह्या बारीला गेलं तर ते माघारी यायचं न्हाय. अन् तू माझ्या पोरासमोर मला परत शिकवू नगंस.”

शेवटी बोर्ड रामहरीचा, कार्ड राजवर्धनचं आणि राग विजयसिंहांचा, असा सौदा ठरला. रामहरीने तीन तास खपून मशीन बांधलं. काचेच्या पेटीत रंगीत दिवे फिरायला लागले, तेव्हा विजयसिंहांचा चेहरासुद्धा क्षणभर सैल पडला. रामहरीने मग सूचनांचा पाढा वाचला. किती वॅटला काय चालतं, घरातल्या कुठल्या स्विचबोर्डाला वायर लावायची नाही, उंदरापासून काय जपायचं. धूळ बसली तर बाजूची काच कशी काढायची, तेही त्याने दाखवलं. पोरगं मोबाईलमध्ये होतं. बाप मात्र टक लावून बघत होता.

मध्ये खंडेनवमी झाली, दसरा झाला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विजयसिंहांची गाडी दुकानासमोर करकचून थांबली. ते स्वतः पेटी उचलून आत आले. मागून राजवर्धन.

“कुठं हाय त्यो चोर?”

बावीस वर्षं रामहरी लोकांची मशिनं उघडत होता. उद्धट, तोंडाळ, आगाऊ, सगळं ऐकून झालं होतं. चोर हा शब्द पहिल्यांदाच आला. त्याला वाटलं, आपल्याला नाही, मागं दुसरं कुणी असेल.

“नवीन कार्ड पंधरा दिवसांत जळतं का?” राजवर्धन ओरडला. “मी चार दिवस मित्राकडं होतो. काल आलो, बटन दाबलं, तर फाट्‌कन आवाज अन् धूर. काका, तुमी जुनं रगडलेलं कार्ड घातलं आत. नवं कुठं विकलंत?”

“दादासो, ह्याला आत्ताच्या आत्ता काढा,” विजयसिंह म्हणाले. “न्हायतर मी आख्ख्या तालुक्याला सांगतो, हितं माल बदलत्यात.”

दादासोंनी गिऱ्हाइकाला काही विचारलं नाही. ते टेबलाकडे वळले. “काय केलंस रं रामहरी?”

ते रामहरीला फार लागलं. त्याने पेटी आडवी केली, काच काढली, कार्डाची पट्टी दाबून कार्ड उचललं. जळका वास सगळ्या दुकानात पसरला. गिऱ्हाइकं भोवती जमली.

कार्ड त्यानेच बसवलेलं होतं, नंबर जुळत होता. पण कार्ड जिथे बोर्डात रुततं त्या खाचेशी, कार्डाच्या आडोशाला, लालपिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. बोटाएवढ्या रुंदीचं. बाजूला अक्षतेचा एक दाणा. त्यात न ओळखण्यासारखं काय होतं? खंडेनवमीला या भागात कोयता, मोटर, ट्रॅक्टर, सगळ्यांना ओलं हळदकुंकू लागतं. इंजिनाला लागतं आणि इंजिनाचं काही बिघडत नाही. त्याने यंत्राला काही होतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

शहाण्या माणसाने विजयसिंहांना बाजूला नेलं असतं आणि हळूच सांगितलं असतं. पण चोर हा शब्द अजून कानात तापलेला होता. रामहरीने पांढरं फडकं त्या डागावरून फिरवलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“ही बघा माझी चोरी! हळदकुंकू! कुठल्या अडाण्यानं ओलं बोट आत घातलं? बोर्ड बी गेला, कार्ड बी गेलं. अन् चोर मी?”

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. राजवर्धनने फडक्याकडे बघितलं आणि मग हळूहळू बापाकडे. विजयसिंह खालच्या फरशीकडे बघत होते.

“पप्पा?” सहा महिन्यांत पोरगं पहिल्यांदा बापाशी थेट बोललं. “तुमी केलं हे? तुमाला कुणी हात लावायला सांगितला होता? ट्रॅक्टर हाय का तो? सगळ्या गोष्टींची वाट लावता तुमी. लोकांसमोर मला येडं केलं. मी चाललो पुण्याला. आता मला फोन करू नका.”

तो बाहेर पडला. गाडीकडे गेलाच नाही, तसाच पायी स्टँडच्या दिशेने चालत सुटला.

“बघितलं ना?” दादासो गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “आपल्या दुकानात फसवाफसवी न्हाय. रामहरीसारखा कारागीर बारामतीत दुसरा दाखवा.” त्यांनी चहा मागवला. रामहरीचं नाव धुऊन निघालं होतं, नोकरी वाचली होती. आणि रामहरीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या जिभेची किळस आली. फडकं त्याने मुठीत चुरगाळलं आणि पेटीची काच परत बसवायला घेतली. मेलेल्या मशिनाला काच कशाला, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

विजयसिंह अजून तिथेच होते.

“मुद्दाम आत लावलं,” ते पेटीकडे बघत म्हणाले. “वर लावलं असतं तर त्याला दिसलं असतं. वरडला असता.”

रामहरीने काचेचा शेवटचा स्क्रू आवळला.

“मग कुठं लावायचं असतंय?” विजयसिंहांनी विचारलं.

कॉम्प्युटरला कुंकू लावायचंच नसतं, हे खरं उत्तर रामहरीच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. पेटीच्या वरच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

“हितं, दादा. भाईरनं. कोरडं.”

विजयसिंहांनी ती जागा बघून घेतली. मग मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत रामहरीला क्षमा नव्हती, तिचं नावही नव्हतं.

“त्या दिशी घंटाभर वॅट-वॅट करत हुतास. तू काय अमेरिकंचा हायस? कोऱ्हाळ्याचा हायस. तवा येवढं एक सांगता आलं न्हाय?”

चहा आला होता. विजयसिंहांनी तो घेतला नाही. रामहरी पेटी उचलायला पुढे झाला, तर त्यांनी त्याचा हात झटकला आणि एकट्याने पेटी उचलून बाहेर नेली.

रामहरी दारापर्यंत गेला. विजयसिंहांनी पेटी गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवली. ती कलली, तशी सरळ केली. मग पट्टा ओढून तिच्याभोवती लावला, दोनदा ओढून बघितला, आणि दार हळूच बंद केलं. गाडी स्टँडकडे वळली नाही. वरकुट्याला जाणाऱ्या इंदापूरच्या रस्त्याला लागली.