सात नंबरचं पाणी

"अहो, पाण्याला वास येतोय का बघा जरा."

बायकोने तांब्या नाकाशी धरला तेव्हा बाटलीराव कामावर निघायला बूट घालत होता. त्याने मान वर केली नाही.

"कसला वास?"

"गटारासारखा. का माझंच नाक बिघडलंय?"

"तुझंच बिघडलंय. गेल्या सोमवारचा निकाल शंभर नंबरी आहे. असलं पाणी साहेबाच्या बंगल्यालाही मिळत नाही."

"मग झालं तर," असं म्हणून तिने अर्धा तांब्या उभ्याउभ्याच घशाखाली उतरवला. मग शेजारच्या मावशींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आमच्याकडे नाही हो पाणी उकळायचा खटाटोप. तपासणारा माणूसच घरात आहे."

"कळलं गं," भिंतीपलीकडून मावशी म्हणाल्या. "आठ वर्षं झाली, रोज कळतंय."

बाटलीराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. बारा कप्प्यांची लाकडी पेटी खांद्याला, प्रत्येक कप्प्यात काचेच्या बुचाची एक बाटली, असा तो दर सोमवारी निघायचा. बाटल्या घेऊन फिरूनही शुद्धीत असलेला शहरातला हा एकमेव माणूस, म्हणून कचेरीने त्याचा असा गौरव केला होता.

शहराला नळ येऊन वीस वर्षं झाली होती. नळ आणणारे साहेब लोक समुद्रापलीकडचे होते आणि दिलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशेब घेण्याची त्यांना खोड होती. पाणी दिलं, तर ते कसं आहे तेही लिहून ठेवायला हवं. म्हणून बारा सार्वजनिक नळांना नंबर दिले आणि दर सोमवारी प्रत्येक नळाची एक बाटली प्रयोगशाळेत पोचवायला बाटलीरावाला नेमलं. सात नंबरचा नळ त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी होता.

काम सोपं, पण सोवळ्याचं. स्पिरिटचा पेटता बोळा धरून नळाचं तोंड जाळायचं. दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बुचाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, बाटलीवर श्वास सोडायचा नाही, शिंक आली तर ती पुढच्या नळावर न्यायची. पहिली दोन वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं. बारा नळ, अकरा मैल.

मग एका सोमवारी त्याचा पाय मुरगळला. प्रयोगशाळेच्या मागे एक बाग होती आणि बागेत एक नळ होता. त्याने लंगडत जाऊन बाराही बाटल्या तिथेच भरल्या. दोन-तीन दिवसांनी निकाल लागला आणि प्रयोगशाळेचा साहेब खुर्चीतून उठला. संपूर्ण शहराचं पाणी एकसारखं, एकसारखं उत्तम. असं म्हणे साहेबाच्या स्वतःच्या गावातही नव्हतं.

पुढच्या सोमवारी पाय बरा झाला. बाटलीराव अकरा मैल चालला. निकाल पूर्वीसारखे आले, कुठे बरे, कुठे बेताचे. त्यावर साहेबाने त्याला उभं करून विचारलं की, गेल्या आठवड्यात इतकं चोख काम केलंस आणि या आठवड्यात हा गलथानपणा कसा?

शहाण्याला शब्दाचा मार. बाटलीराव शहाणा होता. त्यानंतर आठ वर्षं तो बागेबाहेर गेला नाही.

मात्र कामचुकार म्हणावा तर तसंही नाही. त्या एकाच नळाचं तोंड तो दर सोमवारी बारा वेळा जाळायचा. प्रत्येक बाटलीपूर्वी दोन मिनिटं पाणी सोडायचा. सात नंबरची बाटली भरताना तर त्याला आपली गल्ली डोळ्यांपुढे दिसायची. साहेबाने या बारा नळांवर एक पुस्तक लिहिलं, त्याला पदक मिळालं. बाटलीरावाला नवी पेटी मिळाली.

या सोमवारीही तसंच झालं. बारा बाटल्या भरून, बागेत भाकरी खाऊन तो दुपारी घरी आला, तर बायको दाराशी भिंतीला टेकून बसली होती आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"सकाळपासून पोटात काही राहत नाही हिच्या," मावशी म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या घरातही दोघं आडवे झालेत. डॉक्टरला बोलवा, भाऊ."

डॉक्टर संध्याकाळी आला, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि पाणी कुठलं पिता म्हणून विचारलं.

"सात नंबरचं," अंथरुणातून ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "पाण्याला बोल लावू नका. काल मीच शिळं खाल्लं."

डॉक्टर बाटलीरावाला बाहेर घेऊन गेला. सांडपाण्याचं नवं गटार खणताना महिन्यापूर्वी मजुराची पहार नळाच्या पाइपाला लागली होती, ते साऱ्या गल्लीने पाहिलं होतं. मजुराने चिंधी बांधून वर माती लोटली, तेही पाहिलं होतं. चिंधी तरी किती दिवस टिकणार?

"हे पाण्यानंच झालंय, पण मी नळ बंद करू शकत नाही," डॉक्टर म्हणाला. "पाणीखात्याचा कागद लागतो. तुम्ही तर त्याच खात्यातले ना?"

बाटलीरावाने घरातली एक रिकामी बाटली घेतली. सात नंबरवर जाऊन नळाचं तोंड जाळलं, दोन मिनिटं पाणी सोडलं, श्वास रोखून बाटली भरली. आठ वर्षांत सात नंबरच्या बाटलीत सात नंबरचं पाणी पहिल्यांदाच पडत होतं. हंडे घेऊन थांबलेल्या बायका कौतुकाने बघत होत्या.

"उकळून प्या थोडे दिवस," तो म्हणाला.

"आणि हे तुम्ही सांगता?" एकजण हसली. "घरी बायकोनं ऐकलं तर ओरडेल तुम्हाला."

त्याच क्षणी खरं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग त्याला वाटलं, बाटली आपणहून बोलेल, साहेब नळ बंद करील, आपलं नाव यायचं कारण नाही. तो घरी गेला.

उजाडता उजाडता तिने डोळे उघडले.

"बाटली कशाला भरलीत?" तिने विचारलं. "लोक काय म्हणतील? तुमचं नाव जाईल अशानं."

तो तिचे पाय चोळत राहिला. थोड्या वेळाने मावशींनी त्याचा हात धरून बाजूला केला, तेव्हा त्याला कळलं की आता चोळून उपयोग नाही.

तिला पोचवून तो तसाच प्रयोगशाळेत गेला आणि बाटली टेबलावर ठेवली. निकाल गुरुवारी लागला. तोवर गल्लीतली आणखी तीन माणसं गेली होती.

"जंतूंची जत्रा आहे बाटलीत," हेडक्लार्क म्हणाला. साहेब आपल्या भाषेत जे बोलेल ते तो मराठीत करून सांगायचा. "साहेब म्हणतात, बाटली घाण होती."

"बाटली स्वच्छ होती. पाणी घाण आहे. नळ बंद करा."

"साहेब म्हणतात, आठ वर्षांत सात नंबर एकदाही बिघडलेला नाही. चारशे सोळा निकाल आहेत. चारशे सोळांवर एक?"

बाटलीराव पंख्याकडे बघत म्हणाला, "ते चारशे सोळा निकाल बागेतल्या नळाचे आहेत."

हेडक्लार्कने लेखणी खाली ठेवली. "हे मी सांगू?"

"सांगा."

त्याने सांगितलं. साहेबाने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं. त्यावर बारा निळ्या टाचण्या होत्या. मग साहेब हळू आवाजात, अगदी मायेने काही बोलला.

"साहेब म्हणतात," हेडक्लार्क म्हणाला, "बायको गेल्यावर माणूस भ्रमतो, वाटेल ते बोलतो. साहेबांना तुमचं फार वाईट वाटतं. आठ दिवस रजा घ्या."

"मी भ्रमलो नाही. पुन्हा तपासा हवं तर."

"तपासणार. पण बाटली तुम्ही भरायची नाही. शिपाई भरेल."

शिपाई पन्नाशीचा होता, गुडघ्यांनी अधू. सात नंबर कुठे आहे ते त्याने दोनदा विचारलं आणि किती लांब आहे ते ऐकून सुस्कारा टाकला. पाव तासात तो भरलेली बाटली घेऊन परत आला. त्याच्या पायाला बागेतली लाल माती होती.

चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

"हा तिकडे गेलाच नाही," बाटलीराव म्हणाला.

"आता गरिबावर आळ घेता?" हेडक्लार्क म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. शिपायालाही वाटलं.

शुक्रवारी मावशींची सून गेली. रविवारी सकाळी पाणीखात्याचा माणूस डबा आणि कुंचला घेऊन आला आणि नळाशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवून गेला. पाणी पिण्यास उत्तम, असं त्यावर मोठ्या अक्षरात होतं. खाली साहेबाची सही.

रांगेतल्या बायकांनी कागद एकमेकींना वाचून दाखवला. मावशीही रांगेत होत्या. त्यांची कळशी भरली तेव्हा बाटलीराव नळापाशी आला आणि त्याने नळ बंद केला.

"हा कागद खोटा आहे," तो म्हणाला.

"सही आहे की," कोणीतरी म्हणालं.

"सही खरी आहे. तपासलेलं पाणी दुसऱ्या नळाचं आहे. मीच आठ वर्षं दुसऱ्या नळाचं नेत होतो. या आठ वर्षांत सात नंबरचं पाणी तपासायला गेलंच नाही. माणसं यानंच गेली."

एक बाई हसायला लागली आणि त्याचा चेहरा बघून थांबली. मावशी कळशी कमरेवर घेऊन तशाच उभ्या होत्या.

"सोमवारी माहीत होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि घरी तिला?"

"नाही. तिला नाही सांगितलं."

मावशींनी कळशी कमरेवरून उतरवली आणि गटाराच्या कडेला कलती केली. पाणी संपेपर्यंत त्या कळशीकडेच बघत होत्या. मग वळल्या आणि घड्याळाच्या मनोऱ्याकडच्या नळाच्या दिशेने चालू लागल्या. तो नळ पाऊण मैलावर होता. त्यांच्या मागून दुसरी गेली, मग तिसरी. कोणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर त्याला उभं राहणं सोपं गेलं असतं.

त्याने घरातून रिकामा हंडा आणला आणि तोही मागून गेला.

मनोऱ्यापाशी मोठी रांग होती. तो शेवटी उभा राहिला. त्याच्या पुढच्या बाईने वळून पाहिलं आणि आपला हंडा उचलून चार पावलं पुढे सरकवला. तो पुढे सरकला नाही. मधली जागा तशीच मोकळी राहिली. रांग हलली की ती जागाही रांगेबरोबर थोडी थोडी पुढे जात होती.