श्यामलालचा खुंटा

श्यामलालला कोणी वाटेत थांबवून 'राम राम' घातला, तरी तो घरी येऊन बायकोला विचारणार, "काहून म्हणला असंन वो त्यानं राम राम?" बायाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. आता अशा माणसाच्या तलावात भर मे महिन्यात कोणी चुन्याची रेघ मारली, तर त्याला संशय येणारच की!

तलाव गावाचा, पण मासोळी मच्छीमार संस्थेची, आणि संस्थेचा अध्यक्ष श्यामलाल. उन्हाळ्यात पाणी आटून एका कोपऱ्यात डबकं उरायचं, त्यात मरळ तेवढी तग धरून राहायची. बाकीचा तळ भेगाळलेला, सपाट. त्या तळात एका सकाळी हे भलंमोठं लांबट वर्तुळ उमटलं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना चार-चार बांबू उभे राहिले. मधले दोन उंच, कडेचे बुटके.

"पाणी कुठंतरी मुरून राहिलं," श्यामलाल म्हणाला.

त्याचंही चुकत नव्हतं. अड्याळच्या रस्त्यावरची बोडी, म्हणजे लहान तळं, अशीच गेली होती. आधी चुना, मग मुरूम, मग प्लॉटचे बोर्ड. तिथं पिढ्यान्पिढ्या जाळं टाकणारी चार घरं आज विटाभट्टीवर आहेत.

बांबू उभे केले होते संघपाल सरांनी. पलीकडच्या बौद्ध वस्तीतला हा तरुण, शाळेत खेळ शिकवायचा. नागपूरच्या शिबिरातून तो ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल शिकून आला होता. बॉल पपईसारखा लांबुळका, मैदानही तसंच. हातात धरून पळायचं, लाथेनं उडवायचं. मधल्या दोन बांबूंतून गेला तर सहा गुण; कडेच्या फटीतून गेला किंवा उंच बांबूला थटला तर फक्त एक. एवढं मोठं लांबुळकं मैदान गावात दुसरं कुठं मिळणार? म्हणून तलाव. आणि विदर्भातल्या मुलींची या खेळाची पहिलीवहिली फायनल इथंच व्हायची होती, आपलं गाव विरुद्ध सिहोरा. जिंकणारा संघ कोलकात्याला, देशाच्या स्पर्धेला. आपल्या संघाची कप्तान कोण? श्यामलालची लेक ज्योत्सना.

"घरातलाच माणूस फोडला," श्यामलाल पुटपुटला.

ज्योत्सनानं बापाला मोबाइलवर तिकडची एक गाजलेली फायनल दाखवली. लाखभर माणूस बसलेलं, आणि सामना बरोबरीत सुटला. मग पुढच्या शनिवारी तीच फायनल पुन्हा खेळवली.

"पुन्हा?" श्यामलालचे डोळे बारीक झाले. "म्हणजे तिकिटं दोनदा खपली. सेटिंग हाये पोरी, सेटिंग!"

"तुमाले तं देवाच्या परसादातही खोट दिसते बाबा!"

"पैसा कोण लावून राहिला या खेळाले?"

ज्योत्सनानं मोबाइल बंद केला. ट्रॉफी, जर्सी, मंडप, सगळं प्रीतमभाऊंचं होतं. प्रीतमभाऊ म्हणजे भंडाऱ्याचे लेआउटवाले, प्लॉट पाडून विकणारे.

श्यामलालला तेवढं नाव पुरे होतं. उजाडता उजाडता बाभळीचा एक खुंटा खांद्यावर घेऊन तो तलावात उतरला आणि उत्तरेकडच्या दोन उंच बांबूंच्या बरोबर मधोमध त्यानं तो ठोकला. कमरेएवढा, वर लाल चिंधी. चोरट्यांचं जाळं फाटावं म्हणून असे खुंटे तलावात ठोकायची त्याच्या लोकांची जुनी रीत. चिंधीच्या खुंट्याचा अर्थ सगळा गाव जाणून होता: हे पाणी आमचं. ज्यानं ठोकला त्यानंच तो उपटायचा, आणि उपटला की हक्क सोडला.

संघपाल सर घरी आले. चहा झाला.

"काकाजी, एका दिवसासाठी काढा. सामना झाला का मी सोता लावून देतो."

"एका दिवसात लई काही होते, सर."

"मंग आम्ही बांबू सरकवतो."

"सरकवा. बांबू जिकडं, खुंटा तिकडं."

ज्योत्सना दारातून म्हणाली, "बाबा, मायासाठी."

या पोरीनं आजवर श्यामलालजवळ काही मागितलं नव्हतं. पण तिच्या तोंडून हे कोणी वदवून घेतलं, हाही किडा लगेच वळवळला. त्यानं मान हलवली. नाही.

शेवटी नागपूरच्या पंचांनी तोड काढली. खुंट्याला थटलेला बॉल बांबूला थटल्यासारखा धरायचा, म्हणजे एक गुण. दोन्ही कप्तान कबूल झाल्या.

सामन्याला तलावाच्या पाळीवर, बांधावर ही गर्दी! श्यामलाल मात्र बॉलकडे बघतच नव्हता. त्याची नजर मंडपातल्या प्रीतमभाऊवर. कोणाच्या कानाला लागला, बोट कुठं दाखवलं. बायाबाईनं कोपरानं ढोसलं, "अवो, पोरगी पळून राहिली, तिकडं पाहा ना!"

मग त्यानं पाहिलं, आणि पाहतच राहिला. जाळं फेकताना तो स्वतः कमरेतून जसा वळायचा, अगदी तशीच वळून पोरगी सिहोऱ्याच्या मुलींना चकवत होती. सिहोरा पाच गुणांनी पुढं, वेळ संपत आलेली. ज्योत्सना बॉल घेऊन उत्तरेकडे निघाली. अंगावर आलेल्या दोघींना झुकांडी देऊन तिनं लाथ हाणली. बॉल एक टप्पा खाऊन सरपटत, उंच बांबूंच्या बरोबर मधोमध निघाला. अडवायला कोणीच नव्हतं. पाळीवरचे सगळे उठले. श्यामलालही उठला, ओरडला, "जा रे, जा!"

बॉल खुंट्यावर आदळून मागं आला.

एक गुण. लगेच भोंगा वाजला. सिहोरा चार गुणांनी जिंकलं.

ज्योत्सना मातीत बसून रडली. आपल्याच हातानं आपण लेकीचा पाय ओढला, असं श्यामलालला झालं. ती आपल्याशी जन्मात बोलणार नाही, अशी त्याची खात्रीच झाली. तो हळूहळू पाळीवरून खाली, खुंट्याकडे उतरला. लाज वाटत होती, पण घरी जाववेना.

तोवर प्रीतमभाऊंनी माइक धरला होता. "आज इतिहास घडला! या ऐतिहासिक मैदानात आता पाणी साचू द्यायचं नाही. पावसाआधी मुरूम पडेल. इथं कायमचं स्टेडियम, बाजूनं सुंदर वसाहत! काम उद्यापासूनच सुरू!"

टाळ्या पडल्या. संघपाल सर मात्र धावत श्यामलालकडे आले. "हे मले मालूम नव्हतं, काकाजी," ते एवढंच म्हणू शकले. श्यामलालनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. आपला संशय खरा ठरला याचा त्याला काडीचाही आनंद झाला नाही.

ज्योत्सना उठली. डोळे पुसत ती खुंट्याकडे चालू लागली. आता उपटणार, असं सगळ्यांनाच वाटलं. श्यामलाल वाटेतून बाजूला झाला. उपटू दे, तिचा हक्कच होता तो.

तिनं जवळचा धोंडा दोन्ही हातांनी उचलला. बॉलच्या तडाख्यानं खुंटा कलला होता.

"याच्यापायी मी हरली, बाबा," ती म्हणाली. "आता हा निघाला नाई पाह्यजे. सरळ धरा."

मंडपातला माइक थांबला. श्यामलालनं खाली बसून दोन्ही हातांनी खुंटा सरळ धरला.

"हात सांभाळा," पोरगी म्हणाली, आणि तिनं पहिला घाव घातला.