कागदाएवढा थर

"डाग आलाय," बेकरीचे मालक म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून ते केकवर वाकले होते. "हा बघा, कोपऱ्यात. आत्ता पिवळट आहे, उद्या चहासारखा होईल."

केक करणाऱ्या बाईंनी वाकून बघितलंसुद्धा नाही. परवा त्यावर पांढरी साखर चढवतानाच त्यांना ठाऊक होतं. सुक्या फळांच्या केकला तेल सुटतं आणि ते वर झिरपतं. मध्ये मार्झिपॅनचा, म्हणजे वाटलेल्या बदाम-साखरेचा, थर असला की ते तिथेच अडतं. एवढं तर आमच्या पाव भाजणाऱ्यालाही कळतं.

"कागदाएवढा पातळ लाटून घातला असतात तर काय आभाळ कोसळलं असतं? कोण बघतंय आत?"

"एकदा घातला होता," बाई म्हणाल्या आणि हात पुसायला लागल्या. मालकांनी चष्मा परत नाकावर घेतला. तो विषय बेकरीत कोणी काढत नाही.

मी इथे अकरा वर्षं काउंटरवर आहे. ऑर्डरी लिहिते, खोकी बांधते आणि नको तेवढं बघते. बाईंना चौतीस वर्षं झाली. बदाम गरम पाण्यात टाकायचे, चिमटीत धरून साल सोडवायची, वाटायचे, साखर घालून मळायचे, हे त्यांचं काम. सालं सोडवून त्यांचे अंगठे इतके गुळगुळीत झालेत की बँकेच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. त्या मार्झिपॅनची बोटभर फळं करतात. नासपती, आलुबुखार, सफरचंद. प्रत्येकावर कुंचल्यानं एक तपकिरी ठिपका देतात, कारण डाग नसलेलं फळ खोटं दिसतं असं त्यांचं म्हणणं.

बाईंच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची: मार्झिपॅन आवडणारी आणि अजून न आवडलेली. तिसरा प्रकार त्यांना मान्यच नव्हता. आमचा गाडीवाला केकवरचा थर सोलून सरळ कागदात गुंडाळतो आणि म्हणतो, "हे म्हणजे गोड साबण." मला तो वास हाताला लावायच्या क्रीमचा वाटतो. पण दर शनिवारी बाई मोडलेला एखादा आलुबुखार माझ्या तळहातावर ठेवतात, आणि मी भिडेखातर गिळते. अकरा वर्षं. माझ्यासारखी भित्री बाई शोधून सापडायची नाही.

त्यांच्या मुलीला मात्र भीड नव्हती. तिला लहानपणापासून तो वास सहन व्हायचा नाही. आई रोज तोच वास अंगावर घेऊन उशिरा घरी यायची, हेही त्यात असेल. वाढदिवसाला तिला इतर पोरींसारखा साधा क्रीमचा केक हवा असायचा आणि यायचा मार्झिपॅनचा. "एवढंसं खाऊन तर बघ." केस कापायचे होते, तेव्हा "थोडे वाढवून तर बघ." चित्रकला शिकायची होती, तेव्हा "आधी टायपिंग करून तर बघ." बाईंचं सगळं प्रेम त्या "तर बघ"मध्ये होतं, आणि पोरीचा जीव त्यातच घुसमटत होता.

लग्न ठरलं तेव्हा मुलगी इथे, याच काउंटरपाशी उभी राहून म्हणाली होती, "आई, केक तूच कर. पण या एका दिवशी तरी ते नको." बाईंनी मान डोलावली. संध्याकाळी सगळ्यांसमोर मुलीनं सुरी घातली, आणि पांढऱ्याखाली ती पिवळी रेघ दिसली. तिनं सुरी ठेवली, हात पुसले. पाहुण्यांच्या ताटल्यांच्या कडेलाही सोललेल्या पट्ट्या पडल्या होत्या, त्या मीच गोळा केल्या. त्यानंतर सहा वर्षं मायलेकींत निरोपापुरतंच बोलणं. नात झाल्याचं जावयानं कळवलं.

आणि चार दिवसांपूर्वी फोन आला. मी आवाज ओळखला. "फळांचा केक, पांढरा. मुलगी चार वर्षांची होतेय. मार्झिपॅन नको." जरा थांबून म्हणाली, "त्यांना सांगा, नको म्हणजे नको."

मालकांनी डागावर साखरेचं फूल बसवायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "फुलाखाली वाढतच जाईल तो. राहू दे."

बाईंची मुलगी सकाळी अकराला आली, पोरीचं बोट धरून. बाई आत जातील असं मला वाटलं होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"बरी आहेस?" बाईंनी विचारलं.

"बरी आहे. तू?"

"आहे."

मी खोकं उघडून केक दाखवला. मुलीची नजर कोपऱ्यात गेली. "हे काय?"

"तेल आहे," मी घाईनं म्हणाले, "मध्ये थर नसला की येतं. त्याला इलाज नाही."

मुलीनं आईकडे बघितलं. चेहरा एकदम सैल पडला. "म्हणजे तेव्हा… लग्नात तू डाग पडू नये म्हणून घातलं होतंस?"

मी मनातल्या मनात ओरडले, हो म्हणा. सहा वर्षांचं भांडण एका शब्दात मिटत होतं. ताटात वाढून आलं होतं.

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "नाही," त्या म्हणाल्या. "डाग यायला दोन दिवस लागतात. तुझ्या केकला सकाळी साखर लावली नि संध्याकाळी कापला. काही झालं नसतं. मला वाटलं, नकळत खाशील आणि आवडेल तुला. चुकलंच माझं."

पोरगी तेवढ्यात काचेला नाक लावून उभी होती. "मला ते पेरू!" नासपतीला ती पेरू म्हणाली.

बाईंचा हात ट्रेकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. "आईला विचार."

"दे," मुलगी हळूच म्हणाली. "तिचं तिला ठरवू दे."

पोरीनं मोठा घास घेतला. दोनदा चावला. मग तोंड वाकडं झालं, डोळे मिटले. बाईंनी चटकन तळहात पुढे केला आणि तिनं सगळं त्यावर थुंकलं. "ई! नको!"

मी फडकं उचललं. आता ते "तर बघ" येणार.

"नको ना?" बाई म्हणाल्या. "नको तर नको."

मुलगी खोकं उचलत होती, ती तशीच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इतकं सोपं होतं, आई," ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन निघाली. दारातून पोरीनं हात हलवला. मुलगी वळली नाही. पण पोरीसाठी दार धरून ती लागतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ उभी राहिली.

बाई तळहात तसाच धरून उभ्या होत्या. मी फडकं पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

"तुलाही आवडत नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची सवय होती, पण जीभ वळली नाही. "नाही."

"माहीत आहे. तू चावत नाहीस कधी." त्यांनी मान हलवली. "सांगायचंस."

शनिवारी दुपारी त्या नेहमीसारख्या मोडलेला आलुबुखार घेऊन बाहेर आल्या. सवयीनं माझा हात पुढे झाला. त्यांनी त्यावर पावाची कड ठेवली, आणि शेजारच्या स्टुलावर बसून आलुबुखार एकट्याच खाऊ लागल्या, अगदी सावकाश, प्रत्येक घास चावून.