राजकुमारचे कान आणि मी

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे, पण चटणी वाटायला मला कुणी बोलावू नका. मी गाणी मिसळतो. लग्नात किंवा जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवाल्याच्या हाताखाली बटणांची जी काळी पेटी असते, ती मी. माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. ते खोकं सुलेखाताईंनी कांदे ठेवायला घेतलं, त्यामुळे आता मी स्वतःला पडेगावचाच समजतो.

सुलेखाताई म्हणजे माझ्या मालकाची, राजकुमारची बायको. मला घरी आणलं तेव्हा राजकुमार तरुण होता, पण उतावळा नव्हता. त्याने आधी माझी पाठ स्वतःकडे वळवली आणि वायर जोडायच्या सगळ्या जागा नीट वाचल्या. माइकची वायर माइकच्या जागी लावली. लॅपटॉपची वायर ‘लाइन’ लिहिलं होतं तिथे. शेजारीच ‘फोनो’ नावाची एक जागा आहे, ती जुन्या तबकड्या वाजवणाऱ्या यंत्रासाठी. तबकडीचा आवाज मुळात बारीक, म्हणून तिथून आलेला आवाज मी खूप वाढवतो. लॅपटॉप चुकून तिथे जोडला, तर मी असा किंचाळतो की वरात पांगते. मग राजकुमारने सगळे आवाज शून्यावर आणले, आधी मला चालू केलं आणि अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. बंद करताना बरोबर उलटं. हा क्रम चुकला की स्पीकर दचकून ‘धप्प’ करतो आणि कधीकधी कायमचा बसतो.

माझ्या पोटात काही करामतीही आहेत. त्यांना इफेक्ट म्हणतात. इको लावला की एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. रिव्हर्ब लावला की लेण्यात उभं राहून गावं तसा आवाज घुमतो. फिल्टर फिरवला की गाणं भिंतीपलीकडे गेल्यासारखं दबतं, आणि सोडला की सगळी पोरं एकदम नाचायला लागतात. किती इफेक्ट घालायचा त्यासाठी वेगळं बटण असतं, आणि ते भाजीतल्या मिठासारखं जपून वापरावं लागतं. राजकुमारचा हात त्यात चांगला होता. त्याचा एक नियमही होता. लग्नात बौद्धाचार्यांनी माइक हातात घेतला की तो माझे सगळे इफेक्ट बंद करायचा. “वंदनेला अन् प्रतिज्ञेला इफेक्ट नाय,” तो म्हणायचा.

माझ्या छातीवर दिव्यांच्या दोन रांगा आहेत. हिरवे दिवे लागले म्हणजे आवाज ठीक, पिवळे म्हणजे जरा सांभाळा, आणि लाल म्हणजे पुरे. ते दिवस फार सुखाचे होते. लोक राजकुमारचं कौतुक करायचे आणि त्यातलं थोडं मी माझ्याकडे घ्यायचो.

पण राजकुमार सगळा दिवस मोठमोठ्या स्पीकरांना खेटून उभा असायचा. हळूहळू तो माझं आवाजाचं बटण आधीपेक्षा जास्त फिरवू लागला. पिवळे दिवे रोजचे झाले, मग लालही. “याच्यात आता दम नाय राह्यला,” तो एकदा म्हणाला. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. तो मला चिकलठाण्याला सुदर्शन मेकॅनिककडे घेऊन गेला. सुदर्शनने मला उघडलं, पुसलं आणि परत बंद केलं.

“राजूभाऊ, याच्यात काय पण खराबी नाय.”

“मंग आवाज कुठं गेला?”

सुदर्शनने राजकुमारच्या कानांकडे पाहिलं आणि मला त्याच्या हातात परत दिलं. घरी सुलेखाताई मात्र स्पष्ट बोलल्या. “अहो, स्वयंपाकघरातून हाका मारून माझा घसा बसला. एकदा कान दाखवून घ्या.”

“माझे कान ठणठणीत हायेत,” राजकुमार म्हणाला. मला खरं कळत होतं. पण मी फक्त दुसऱ्याचा आवाज पोचवू शकतो, मला स्वतःचा आवाज नाही.

मग राजकुमारची एकुलती एक मुलगी विशाखा हिचं लग्न ठरलं. त्याची फार दिवसांची एकच इच्छा होती. लेक लग्नाची प्रतिज्ञा घेईल तेव्हा माइक आपणच सांभाळायचा आणि तिचा शब्द न् शब्द ऐकायचा. नातेवाइकांनी सांगितलं, आज तू मुलीचा बाप आहेस, पुढे येऊन बस. तो माझ्यापासून हलला नाही.

आधी नवरदेव सम्यकने प्रतिज्ञा घेतली. त्याचा आवाज जाड, तो राजकुमारला ऐकू आला. मग बौद्धाचार्य धम्मपाल यांनी माइक विशाखापुढे धरला. विशाखाचा आवाज मऊ आहे. तिचे ओठ हलले आणि राजकुमार घाबरला. त्याने माझं बटण वाढवलं. पिवळा दिवा लागला, मग लाल. स्पीकर शिट्टी मारू लागला. तरी त्याला काही ऐकू येईना, तेव्हा जे त्याने जन्मात केलं नव्हतं ते केलं. प्रतिज्ञेवर इको लावला. विशाखाचे शब्द एकमेकांच्या अंगावर कोसळू लागले. मांडवात लोकांनी कानावर हात ठेवले.

विशाखा थांबली. तिने बापाकडे पाहिलं आणि माइकमध्ये हळूच म्हणाली, “पप्पा, आवाज येतोय. सगळ्यांना येतोय.”

ते फक्त एका माणसाला ऐकू आलं नाही. सुलेखाताई लगबगीने आल्या आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोलल्या, “पोरगी म्हणते, सगळ्यांना आवाज येतोय.”

“मला नाय येत,” राजकुमार म्हणाला.

मग त्याने स्वतःच्या हाताने इको बंद केला आणि आवाज हिरव्या दिव्यांवर आणला. विशाखा पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. तिच्या शब्दांबरोबर माझे दिवे वरखाली होत होते, आणि राजकुमार वाकून ते बघत होता. लेकीची प्रतिज्ञा त्याने अशी डोळ्यांनी ऐकली. इतका जीव लावून मी दिवे कधीच पेटवले नव्हते.

पुढे डॉक्टरांनी कान तपासले. जे गेलं ते परत येणार नाही, पण उरलंय त्याला आधार देता येईल, असं त्यांनी सांगितलं. आता राजकुमारच्या कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र असतं. तेही माझ्यासारखंच आवाज वाढवतं, म्हणून मी त्याला धाकटा भाऊ मानतो. मित्रांनो, माझं बटण तुटलं तर सुदर्शन नवं बसवतो. कानाचे सुटे भाग चिकलठाण्यात काय, कुठेच मिळत नाहीत. तेव्हा लाल दिवा लागला की हात मागे घ्या आणि स्पीकरपासून लांब नाचा. माझी एवढी विनवणी ऐका.

कानाला यंत्र बसल्यावर विशाखा पहिल्यांदा माहेरी आली. राजकुमारने मला टेबलावर मांडलं, सगळे इफेक्ट बंद केले आणि माइक तिच्या हातात दिला.

“त्या दिशी काय म्हणलीस, ते म्हण एकदा.”

“पप्पा, नवरदेव तर कामावर गेलाय,” विशाखा हसत म्हणाली.

“त्याचं ऐकून झालं. माझं राह्यलंय.”

विशाखाने पूर्ण प्रतिज्ञा म्हटली. माझे हिरवे दिवे लागत होते, विझत होते. राजकुमारने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.