दोनदा गेलेली रिक्वेस्ट

“परत गोल गोल फिरतंय!” सिस्टरने टॅबलेटवर बोट आपटलं. “ऑर्डर गेली की नाही, कळेल तर शपथ.”

हॉस्पिटलच्या वॉर्डात बाबांच्या खाटेशी बसलेल्या धाकटीने सहज मान वळवली. पडद्यावर लिहिलं होतं: ‘थांबा हं, पुन्हा विचारून बघते.’ हे वाक्य तिचंच होतं.

पंचेचाळिशीतही घरात धाकटीच राहिलेल्या या बाईने बारा वर्षांपूर्वी जावास्क्रिप्टमध्ये एक चिमुकली लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा तयार कोड, लिहिली होती. वेबपानाची रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, पलीकडच्या सर्व्हरकडे न्यायची आणि उत्तर आणायचं, एवढंच तिचं काम. हलकी आणि फुकट, त्यामुळे कुणीही उचलून वापरायचं. पाच सेकंदांत उत्तर आलं नाही, तर हे वाक्य दाखवून ती तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. ‘पहिली उशिरा का होईना पोचलेली असली, तर काम दोनदा होतं,’ अशी तक्रार कुणा अनोळखी माणसाने दोन वर्षांपूर्वी लिहून पाठवली होती. बघू सवडीने, म्हणून धाकटीने ती तशीच ठेवली होती.

“सिस्टर, कसली ऑर्डर होती?”

“वेदना कमी करायच्या इंजेक्शनची. का हो?”

“ती दोनदा गेली असेल. औषधांच्या खोलीत विचारा ना. आत्ताच्या आत्ता!”

सिस्टरने फोन लावला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. “तुमच्या वडिलांच्या नावाने दोन भरून ठेवलीत. तुम्हाला कसं कळलं?”

“ते मी लिहिलंय.” धाकटीने पडद्यावरच्या वाक्याकडे बोट दाखवलं. “हे टॅबलेट कधीपासून वापरताय?”

“काल रात्रीपासून.”

“मग बाकीच्या खाटा?”

सिस्टरने टॅबलेट बाजूला टाकला, कागद घेतला. दोघी एकेक खाट तपासत निघाल्या. नवव्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती. पहाटेच्या सिस्टरने तेच एक इंजेक्शन दिलं होतं, सकाळच्या सिस्टरने दुसरं.

“आजी! ओ आजी!” सिस्टरने गाल थोपटले. आजी हलेनात. “डॉक्टरांना बोलवा!”

पडदा ओढला गेला. धाकटी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आपली लायब्ररी आणखी किती ठिकाणी असेल, हा विचार तिला पुढे ढकलवेना.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. “वेळेत कळलं. दुप्पट डोसने मंदावलेला श्वास सुधारतोय. पण शुद्धीवर येईपर्यंत काही सांगता येत नाही.”

म्हातारीच्या लेकीने रडत रडत धाकटीचे दोन्ही हात धरले. “ताई, तुम्ही होतात म्हणून!”

सिस्टर खाली बघत होती. धाकटी गप्प राहिली असती, तर खपून गेलं असतं.

“नाही हो,” ती म्हणाली. “माझ्यामुळेच झालं हे. चूक मला दोन वर्षं माहीत होती.”

हात सुटले. मग लेकीने आईच्या खाटेजवळचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बसा इथे. आई उठली की तिला तुम्हीच सांगा.”

धाकटी बसली. म्हातारीची छाती वर आली, खाली गेली. पुन्हा वर यायला फार वेळ लागत होता.